कोण होते कूपर? विकिपीडिया आणि विस्मृतीत गेलेला स्थानिक इतिहास

विशेष प्रतिनिधी

मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान कोण, या प्रश्नाला बहुतेक जाणकारांकडून बाळासाहेब खेर असेच उत्तर मिळते. वस्तुतः खेरांचे मंत्रिमंडळ १९ जुलै १९३७ रोजी अधिकारावर आले. त्यापूर्वी साडेतीन महिने, १ एप्रिल १९३७ पासून, हे पद सर धनजीशहा कूपर यांच्याकडे होते. कूपर हे साताऱ्याचे पारशी उद्योजक. सातारा रोड येथील कूपर कारखान्यामुळे त्यांचे आडनाव आजही त्या भागात ठाऊक आहे. मात्र त्यांनी प्रांताचे सर्वोच्च राजकीय पद भूषविले होते, याची आठवण फारच थोड्यांना आहे.

अशा विस्मृतीत गेलेल्या व्यक्ती, मंत्रिमंडळे, नगरपालिका आणि अल्पजीवी पक्ष यांचा शोध घेऊन त्यांवर विकिपीडियात लेख लिहिणारा एक वर्ग आहे. मराठी विकिपीडियाची सुरुवात २००३ मध्ये झाली. येथे कोणीही लिहू शकतो, दुसऱ्याचे लिहिलेले दुरुस्त करू शकतो आणि त्यासाठी मानधन मिळत नाही. वाईहून ज्याचे काम चालले तो तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा मराठी विश्वकोश तज्ज्ञांच्या लेखणीवर उभा राहिला. त्यात लेखाखाली लेखकाचे नाव असते. विकिपीडियात लेखकाच्या अधिकाराला किंमत नाही. तेथे किंमत आहे ती वाक्यापुढे दिलेल्या संदर्भाला. म्हणूनच हे काम वरवर दिसते तितके सोपे नाही.

तीन नियमांची चौकट

या कामाला प्रामुख्याने तीन नियम लागू होतात. पहिला पडताळणीचा. लिहिलेली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट प्रकाशित आणि विश्वासार्ह साधनात वाचकाला तपासता आली पाहिजे. दुसरा नियम असा की, लेखकाने स्वतःचे नवे संशोधन किंवा निष्कर्ष मांडू नयेत. तिसरा तटस्थतेचा. कोणत्याही एका पक्षाची वा व्यक्तीची बाजू घेऊ नये.

स्थानिक इतिहासाची अडचण या पहिल्या दोन नियमांपाशीच सुरू होते. गावातील वयोवृद्ध कार्यकर्त्याने सांगितलेली हकिकत कितीही खरी असली, तरी ती कोठेही छापून आलेली नसेल तर लेखात घेता येत नाही. घरातील ट्रंकेत जपून ठेवलेले पत्र अस्सल असेल. पण ते प्रकाशित झालेले नसेल तर वाचक ते तपासणार कसे? सरकारी राजपत्रातील सूचनेवरून नेमणुकीची तारीख देता येते. परंतु ती नेमणूक का झाली, याविषयी आपला तर्क लढविता येत नाही. त्यासाठी एखाद्या अभ्यासकाने लिहिलेला ग्रंथ किंवा लेखच लागतो. य. दि. फडके यांच्या ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’ या ग्रंथमालेचा संदर्भ पुनःपुन्हा घ्यावा लागतो, तो यामुळेच.

याशिवाय उल्लेखनीयतेची अट असते. विधिमंडळाचे आणि संसदेचे सदस्य सामान्यतः लेखास पात्र समजले जातात. नगरसेवक वा सरपंच यांना मात्र केवळ पदामुळे ती पात्रता मिळत नाही. त्यांच्याविषयी स्वतंत्र साधनांत पुरेसे लिखाण झालेले असावे लागते. कूपर या कसोटीवर सहज उतरतात. तरीही त्यांच्याविषयी मराठीत सहज हाती लागणारा मजकूर तुटपुंजाच आहे. असे का झाले असावे, हे समजण्यासाठी १९३७ चे राजकारण पाहावे लागते.

साडेतीन महिन्यांचे सरकार

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली. त्यानुसार १९३७ च्या आरंभी निवडणुका झाल्या. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी सुमारे निम्म्या जागा जिंकून काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला. तथापि, गव्हर्नर आपले विशेषाधिकार मंत्रिमंडळाविरुद्ध वापरणार नाहीत, असे आश्वासन मिळाल्याविना अधिकारपदे न स्वीकारण्याची भूमिका काँग्रेसने घेतली. कायदा तर १ एप्रिलपासून अंमलात येणार होता. तेव्हा गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न (मुंबईचे क्रिकेट मैदान ज्यांच्या नावाने ओळखले जाते तेच) यांनी कूपर यांना पाचारण केले. त्यांच्या मंत्रिमंडळात लोकशाही स्वराज्य पक्षाचे जमनादास मेहता आणि कर्नाटकातील सिद्दप्पा कांबळी यांचा समावेश होता. जुलैमध्ये काँग्रेसने अधिकारग्रहणाचा निर्णय घेतला आणि हे सरकार गेले.

मुंबई हा अपवाद नव्हता. मध्य प्रांत-वऱ्हाडातही ई. राघवेंद्र राव यांचे असेच अल्पकालीन मंत्रिमंडळ आले आणि गेले. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात या सरकारांची नोंद दोन ओळींत आटोपली जाते. काँग्रेसच्या दृष्टीने ती लोकमताविरुद्ध बसविलेली सरकारे होती. त्यात सामील झालेल्यांची बाजू वेगळी होती. विकिपीडियाच्या लेखकाला यांपैकी एक बाजू खरी ठरवायची नसते. कोणी काय म्हटले, कोठे म्हटले आणि विधिमंडळातील बलाबल काय होते, हे सांगून थांबायचे असते. पराभूतांविषयी लिहिताना ही शिस्त विशेष आवश्यक ठरते, कारण त्यांच्याविषयीची बहुतेक साधने त्यांच्या विरोधकांनीच लिहिलेली असतात.

साधने कोठे मिळतात?

निवडणूक निकालांपासून आरंभ करणे इष्ट. १९५१-५२ पासूनच्या लोकसभा व विधानसभा निवडणुकांचे सांख्यिकी अहवाल निवडणूक आयोगाने उपलब्ध करून दिले आहेत. त्यांत मतदारसंघ, उमेदवार, पक्ष आणि मते यांची माहिती मिळते. त्यापूर्वीच्या निवडणुकांसाठी मात्र जुन्या छापील अहवालांकडे वळावे लागते. १९३७ च्या निकालांचे प्रांतवार विवरण त्याच वर्षी लंडनहून ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केले होते.

दुसरे साधन विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील वृत्तान्त. कोणी कोणता प्रश्न विचारला, कोणत्या विधेयकाला विरोध केला, हे त्यांत शब्दशः सापडते. तिसरे साधन जिल्हा गॅझेटियर. जुन्या मुंबई इलाख्याच्या मालिकेतील साताऱ्याचा खंड १८८५ चा, तर स्वातंत्र्योत्तर काळातील नवी आवृत्ती १९६३ ची आहे. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागार, एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही या शोधाची परिचित ठिकाणे आहेत.

यानंतर येतात वृत्तपत्रे. ‘केसरी’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘नवाकाळ’, ‘सकाळ’ या पत्रांच्या जुन्या फायली म्हणजे माहितीचे भांडारच. ब्राह्मणेतर चळवळीसाठी ‘विजयी मराठा’ व ‘दीनमित्र’, तर आंबेडकरी चळवळीसाठी ‘जनता’ पाहिल्यावाचून चित्र पूर्ण होत नाही. मात्र प्रत्येक पत्राचा कल ध्यानात ठेवावा लागतो. उदाहरणार्थ, ‘केसरी’शी दीर्घकाळ संबंध असलेले न. चिं. केळकर आणि कूपर मंत्रिमंडळातील जमनादास मेहता हे दोघेही लोकशाही स्वराज्य पक्षाचे. त्यामुळे या मंत्रिमंडळावरील ‘केसरी’चा मजकूर वाचताना हा संबंध माहीत असणे आवश्यक आहे. नगरपालिकांच्या शताब्दी स्मरणिका, गौरवग्रंथ, दिवाळी अंक यांतून तारखा व नावे मिळतात. परंतु गौरवग्रंथातील स्तुती ही माहिती नव्हे.

नकाशा बदलतो, नोंदी बदलत नाहीत

महाराष्ट्राच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. १ मे १९६० पूर्वी हे राज्यच नव्हते. पश्चिम महाराष्ट्राची कागदपत्रे मुंबई सरकारची, विदर्भाची मध्य प्रांत-वऱ्हाडची. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने तेथील अनेक नोंदी उर्दूत. गोव्याची दप्तरे पोर्तुगीज भाषेत. एकाच भाषेच्या लोकांचा राजकीय इतिहास अशा रीतीने निरनिराळ्या राजवटींच्या दप्तरांत विखुरलेला आहे.

एकट्या सातारा जिल्ह्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. १९४९ मध्ये त्याचे उत्तर व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली पडले. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रे. १९१३ मध्ये, त्यांच्या जन्माच्या वेळी, ते सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. जुन्या ग्रंथात सातारा आणि नव्यात सांगली लिहिलेले आढळले म्हणून एक चूक ठरत नाही. प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून आले तो मतदारसंघ ‘उत्तर सातारा’. या नावाचा शोध आजच्या यादीत घेतला तर तो सापडणार नाही. ज्या औंध संस्थानात १९३९ मध्ये भवानराव पंतप्रतिनिधींनी प्रजेला राज्यघटना दिली, ते भौगोलिकदृष्ट्या याच परिसरातले. परंतु ते संस्थान असल्याने त्याच्या प्रजेचे प्रतिनिधी मुंबई विधानसभेच्या यादीत शोधून उपयोग नाही.

शब्दांचेही असेच आहे. त्या काळी प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखालाही पंतप्रधान म्हणत. आजच्या वाचकाला तेथे मुख्यमंत्री हा शब्द अभिप्रेत असतो. लेखात मूळ पदनाम देऊन त्याचा अर्थ एका वाक्यात सांगणे हाच योग्य मार्ग होय.

आकड्यांचा घोळ

आकडे छापलेले असले म्हणजे ते निर्विवाद असतात, असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३७ मध्ये मुंबई प्रांतात १७ उमेदवार उभे केले होते. त्यांपैकी किती विजयी झाले? काही ग्रंथांत १४, तर काहींत १५ असा आकडा आढळतो. अशा वेळी आपल्याला पटेल तो आकडा निवडून मोकळे होता येत नाही. दोन्ही आकडे आपापल्या संदर्भांसह द्यावे लागतात आणि शक्य असेल तर उमेदवारांच्या नावांची यादी निकालपत्राशी ताडून पाहावी लागते.

याच निवडणुकीत डॉ. आंबेडकरांविरुद्ध मुंबईत उभे होते नामवंत फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू. आंबेडकरांना १३ हजार २४५, तर बाळूंना ११ हजार २२५ मते पडली. आजच्या पद्धतीने पाहिल्यास ही सरळ लढत वाटेल. प्रत्यक्षात तो अनेक जागांचा मतदारसंघ होता. मतदाराला जागांइतकी मते असत आणि ती सर्व एकाच उमेदवाराला देण्याची मुभा असे. म्हणजे मते आणि मतदार यांची संख्या एक नव्हे. हे न जाणता टक्केवारी काढली, तर आकडे खरे असूनही निष्कर्ष खोटा ठरतो. शिवाय मताधिकार मर्यादित होता, हेही विसरता येत नाही. बाळूंच्या नावाचीही हीच गत. क्रिकेटच्या पुस्तकांत ते ‘पी. बाळू’ म्हणून भेटतात, अन्यत्र ‘पालवणकर’ म्हणून. कूपरही कोठे ‘सर डी. बी. कूपर’, तर कोठे ‘धनजीशा’ असतात. सर्व रूपे घेऊन शोध घेतल्याखेरीज निम्मी साधने हातची निसटतात.

चुकीचे वर्तुळ

या कामाची जबाबदारी मोठी आहे, याचे कारण त्यातील चूक फार वेगाने पसरते. विकिपीडियात संदर्भाविना घातलेली तारीख एखादे संकेतस्थळ उचलते, तेथून ती वृत्तपत्रातील लेखात येते आणि पुढे तोच लेख विकिपीडियात पुरावा म्हणून जोडला जातो. चूक स्वतःच स्वतःची साक्षीदार होते. प्रसिद्ध व्यक्तीच्या बाबतीत अशी चूक कोणाच्या तरी लक्षात येते. कूपर यांच्यासारख्यांच्या बाबतीत ती वर्षानुवर्षे तशीच राहू शकते, कारण तपासणारा वाचकच विरळा. आता तर संगणकाकरवी लिहिल्या जाणाऱ्या मजकुरालाही विकिपीडियाचाच आधार असतो. म्हणून एखाद्या अपरिचित विषयावर इंटरनेटवर दहा ठिकाणी एकच वाक्य दिसले, तर ते दहा पुरावे न समजता एकाच मुळाच्या दहा नकला समजाव्यात आणि त्या मुळापर्यंत जावे, हे उत्तम.

वंशज आणि पक्षकार्यकर्ते यांचा आग्रह ही आणखी एक बाब. पूर्वजांच्या नावामागे बिरुदे लावणे, पराभव किंवा पक्षांतर गाळणे, हे प्रकार होत असतात. त्यांचा हेतू बहुधा वाईट नसतो. मात्र ज्या माणसाने तीन पक्ष बदलले, त्याचे तीनही पक्ष लेखात असणे, हाच त्याच्याविषयीचा खरा आदर होय.

वाचकांचा वाटा

प्रत्येकाने लेख लिहावा, अशी अपेक्षा नाही. पण अनेक घरांत जुन्या नगरपालिका निवडणुकीची पत्रके, स्थानिक साप्ताहिकांचे अंक, संस्थांचे वार्षिक अहवाल पडून असतात आणि घर बदलताना ते रद्दीत जातात. स्थानिक साप्ताहिकांच्या संपूर्ण फायली फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहेत. असे अंक जवळच्या ग्रंथालयाला दिले, तर ते अभ्यासकाला उपलब्ध होतात आणि संदर्भ म्हणून वापरता येतात. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लिखाण स्वामित्वहक्कातून मुक्त होते. छायाचित्रांच्या बाबतीत ही मुदत २०१२ पर्यंत प्रकाशनापासून मोजली जात असे. मुदत संपलेले साहित्य स्कॅन करून सर्वांसाठी खुलेही करता येते. वयोवृद्धांच्या आठवणी थेट लेखात घेता येत नसल्या, तरी त्या एखाद्या नियतकालिकात वा पुस्तकात छापून आल्या, तर त्यांचे रूपांतर संदर्भात होऊ शकते.

साताऱ्याने मुंबई प्रांताला पहिला पंतप्रधान दिला आणि पुढे त्याच जिल्ह्यातील कराडच्या यशवंतरावांच्या रूपाने महाराष्ट्राला पहिला मुख्यमंत्रीही दिला. यांपैकी दुसरी गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पहिली ठाऊक होण्यासाठी कोणीतरी जुन्या फायलींवरची धूळ झटकून, तारीख आणि पृष्ठक्रमांकासह ती नोंदवून ठेवावी लागेल.