करवत मासा आणि सोनेरी शैवल : एक तुलना

टिटवाळ्याजवळून वाहणारी काळू नदी उल्हास नदीस मिळते व हे पाणी वसईच्या खाडीतून अरबी समुद्रास जाते. गोड्या-खाऱ्या पाण्याच्या अशाच सलगतेवर पाकटांचा नातलग असलेला, अतिसंकटग्रस्त करवत मासा (प्रिस्टिस प्रिस्टिस) विसंबून असतो. त्याची पिल्ले नदीमुखात व नदीत वाढतात. डायनोब्रायॉन हे सोनेरी शैवल मुख्यतः गोड्या पाण्यातच तरंगते. ते प्रकाशसंश्लेषण करते, शिवाय जिवाणूही खाते. प्रतिकूल काळात सिलिकायुक्त भित्तीची पुटी बनवून ते तळाशी जाते व अनुकूल ऋतूत पुन्हा वाढते. करवत माशास अशी सोय नाही. दातेरी मुस्कट जाळ्यात सहज अडकते. त्यात पिल्ले थोडी व वयात येणे उशिराचे. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश झाला. तथापि जाळ्यात आलेला मासा जिवंत सोडणे नाखव्याच्याच हाती असते.