पोचा जुना की नवा?

पहाटे साडेपाच. चहाबरोबर कप्तानाचं निवेदन वाचते. धक्क्याला लागताना टगची ओढ उशिरा आली, जहाजाची उजवी बाजू काँक्रीटवर आपटली, असं त्यात आहे. धक्केवाले म्हणतात, घासलं असेल, एवढं आपटलं नाही. नुकसान सगळ्यांनाच दिसतं. भांडण होतं ते कधी झालं यावर.

सकाळी आठ. इंदिरा गोदीतलं ह्यूज ड्राय डॉक, १९१४ सालचं. पाणी उपसून झालंय, परांची बांधून तयार. मालकांचा, धक्केवाल्यांचा आणि क्लासचा, म्हणजे जहाजांचा दर्जा ठरवणाऱ्या वर्गीकरण संस्थेचा सर्व्हेयर, आणि विम्याकडून मी. फ्रेमचे, म्हणजे जहाजाच्या फासळ्यांचे, क्रमांक खडूने लिहून घेतो: ६२ ते ६८. पट्टी आडवी धरून पोच्याची खोली मोजतो. ६६ला सर्वांत जास्त, ७० मिलिमीटर. तिथे रंगाचे टवके उडालेत, उघड्या पोलादावर गंजाचा पातळ केशरी थर. ६३वर मात्र खळग्यातसुद्धा रंग सलग आहे. म्हणजे पोचा आधीचा, रंग नंतरचा.

दहा वाजता बॅलास्ट टाकी. गॅस-फ्री सर्टिफिकेट हातात आणि मीटरवर ऑक्सिजन २०.९ टक्के दिसल्याशिवाय मॅनहोलमध्ये पाय घालायचा नाही. अशा टाक्यांत घाईपायी माणसं गेली आहेत. आत ६६च्या ब्रॅकेटला वेल्डपाशी तडा.

मुकादम म्हणतात, “मॅडम, ६३ची वाक जुनीच. हात लावूनच सांगतो.”

“काका, मलाही तसंच वाटतं. पण कागद बघू द्या.”

एक वाजता डबा.

दोन ते साडेचार जुने अहवाल. जहाजाचा तळ पाच वर्षांत दोनदा तपासावाच लागतो, त्यामुळे मागच्या डॉकिंगचा अहवाल असतोच. तो सापडला: ६२ ते ६४, पोचा ३० मिलिमीटर, तडा नाही, क्लासला मान्य. दीड ओळ! लिहिणाऱ्याला आजच्या भांडणाची कल्पना नव्हती, म्हणूनच मी तिला चारही सर्व्हेयरांच्या मतांपेक्षा जास्त मानते.

अशा नोंदींची गरज लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहातल्या गिऱ्हाइकांना १७६० सालीच पटली होती. उपलब्ध असलेली सर्वांत जुनी नोंदवही १७६४ची. जहाजाच्या सांगाड्याला ए, ई, आय, ओ, यू अशी प्रत आणि त्यावर विम्याचा अंदाज. पुढे जहाज कुठे बांधलं यावर दर्जा ठरू लागला, थेम्सवरच्या जहाजांना झुकतं माप मिळालं. मालक चिडले आणि त्यांनी १७९९मध्ये स्वतःची लाल नोंदवही काढली. विमावाल्यांची हिरवी होतीच. एकाच जहाजाला दोन वह्यांत दोन दर्जे मिळू शकत. हा घोळ १८३४मध्ये दोन्ही वह्या एक झाल्यावर मिटला. ही वही चालवणाऱ्या लॉइड्स रजिस्टर या वर्गीकरण संस्थेने त्यानंतरचे सर्व्हेचे आणि नुकसानीचे असंख्य कागद जपलेत, स्कॅन करून कोणालाही वाचायला खुले केलेत. लाकूड कोणतं, बोल्ट तांब्याचे की लोखंडाचे, सगळं शाईने भरलेलं. नव्या पोरांना मी ते वाचायला लावते. नोंद कशी करावी हे शिकवणारं याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही.

पाच वाजता बैठक. इथे पैसा बोलतो. वजावट, म्हणजे मालकांनी स्वतः सोसायची रक्कम, प्रत्येक अपघाताला वेगळी, म्हणून मालकांना सगळे पोचे एकाच अपघातात हवेत. १९६३च्या सागरी विमा कायद्याचं ५५वं कलम साध्या झिजेची भरपाई देत नाही, तेही मध्ये येतं. मी जुना अहवाल पुढे ठेवते. ६२, ६३ जुने, ६५ ते ६८ नवे, हे सगळ्यांना मान्य होतं. ६४ अडतो: तेव्हा ३०, आज ४५. मालकांचा सर्व्हेयर म्हणतो, जुन्या पोच्यावर नवा मार बसला. त्याचं म्हणणं रास्त आहे, आणि तसं मी लिहूनही देते. संयुक्त टिपणात फक्त मापं जातात, दायित्वाचा शब्द नाही, वर ‘विदाउट प्रेज्युडिस’, म्हणजे कोणाच्याही हक्काला बाधा न आणता. चौघांच्या सह्या होतात.

सात वाजता यार्डला फोन: ६४ची प्लेट कापल्यावर भंगारात टाकू नका. फ्रेमचा नंबर रंगवून शेडमध्ये ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा.