मासा कोठे जमतो आणि भाला कोठे मारावा

मंडळी, आपले पेण आणि रोहा हे दोन्ही तालुके पाण्याचे. पेण गावातून भोगावती वाहते. अंबा नदी सह्याद्रीतून उतरते, पाली, नागोठणे करीत येते आणि धरमतरच्या खाडीला मिळते. पाताळगंगाही त्याच खाडीला येते. रोह्याची कुंडलिका कोलाडवरून येऊन रेवदंड्यापाशी समुद्र गाठते. वर डोंगराचे गोडे पाणी, खाली खाडीचे खारे पाणी आणि मध्ये आपला खारेपाट. म्हणून आपल्याकडे भाताबरोबर मासा हा आलाच.

पण मासा सगळ्यांनाच मिळतो असे नाही. एकाच काठावर दोघे बसतात. एकाची टोपली भरते, दुसरा रिकाम्या हाताने घरी जातो. लोक म्हणतात, ज्याचे त्याचे नशीब. आम्ही म्हणतो, नशीब थोडे आणि नजर फार. मासा कोठे असतो, केव्हा असतो, आणि दिसतो तेथेच असतो का, या तीन गोष्टी ज्याला कळल्या त्याचा हात रिकामा राहत नाही. जुन्या कातकरी आणि कोळी माणसांना हे अनुभवाने ठाऊक असते. आज आपण त्यामागची कारणे पाहू. आणि कोणता मासा मारू नये, तेही पाहू.

मासा कोठे जमतो

माणसाला घर लागते, अन्न लागते, हवा लागते. माशालाही तेच लागते. या तीन गोष्टी जेथे एकत्र मिळतात तेथे मासा जमतो.

आधी हवेचे बघा. मासा पाण्यात राहतो, पण त्यालाही श्वास लागतोच. पाण्यात हवा विरघळलेली असते. ती तो कल्ल्यांनी घेतो. पाणी गार आणि वाहते असले तर त्यात हवा जास्त असते. पाणी तापले, साचले, की हवा कमी होते. म्हणून उन्हाळ्यात नदी आटली की मासे खोल कोंडात, डोहात उतरतात. जेथे पाणी दगडावरून खाली पडते, फेस होतो, तेथेही मासे गोळा होतात. साचलेल्या तळ्यात पहाटेच्या वेळी मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात. तो त्यांचा खेळ नसतो. रात्रीतून पाण्यातली हवा कमी झालेली असते, म्हणून ते वर येतात. मरळ मात्र निराळी. ती वरची हवाही घेते. ती थोड्या थोड्या वेळाने वर येते, बुडबुडा सोडते आणि खाली जाते. बुडबुडा दिसला की जाणता माणूस तेथेच उभा राहतो.

आता अन्न. वाहत्या पाण्यात मासा प्रवाहाकडे तोंड करून राहतो, कारण खाणे वरून वाहत येते. पण प्रवाहात सारखे पोहत राहिले तर तो थकतो. म्हणून तो मोठ्या दगडाच्या मागे, वळणाच्या आतल्या बाजूला, जेथे पाणी संथ असते तेथे थांबतो. बाजूने खाणे गेले की झडप घालतो आणि परत जागेवर येतो. ओढा नदीला जेथे मिळतो ती जागाही चांगली. दोन पाण्यांबरोबर दोन ठिकाणचे खाणे तेथे येते.

तिसरी गोष्ट आसरा. काठावरच्या झाडाची सावली, पाण्यात बुडालेली मुळे, खाडीतल्या तिवरांची दाटी, बांधाच्या कडेचे दगड, येथे मासा लपतो. आपला जिताडा अशाच जागी दबा धरून असतो. खारबंदिस्तीला जेथे उघाडी असते तेथे तर जिताडा हमखास. आतले पाणी बाहेर सुटते, त्याबरोबर कोलंबी आणि बारीक मासा येतो, आणि जिताडा तोंडाशी वाट बघत असतो.

पाखरांकडेही लक्ष ठेवा. खंड्या एकाच फांदीवर पुन्हा पुन्हा येऊन बसत असेल तर खाली बारीक मासा आहे. बगळे ओळीने उभे असतील तर तेथे पाणी उथळ आहे आणि मासाही आहे. पाणकावळे एकाच ठिकाणी बुड्या मारत असतील तर खोलात थवा आहे. पाखरू उगाच उपाशी बसत नाही.

भरतीचे गणित

खाडीत मासा नुसता जागेवर ठरत नाही, वेळेवर ठरतो. भरती चढू लागली की पाण्याबरोबर मासा वर खाजणात, तिवरांत शिरतो. तेथे त्याला चारा मिळतो. ओहोटी लागली की तो लहान लहान चरांतून परत खाडीकडे येतो. म्हणून भरतीला मासा पसरलेला असतो आणि ओहोटीला चराच्या तोंडाशी एकवटतो. वाण लावणारे हेच करतात. पूर्ण भरतीला ते चराच्या तोंडावर जाळे उभे करतात. पाणी निघून जाते, मासा आत राहतो.

भरती केव्हा येणार हे कळायला जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे सुमारे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरा, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास. दिवसा एकदा आणि रात्री एकदा. दर दिवशी भरती सुमारे ५० मिनिटांनी उशिरा येते. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा, आणि तोही ढोबळ. खाडीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. आपल्या गावाला किती उशीर होतो ते एकदा घड्याळ लावून बघून ठेवा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. सूर्य आणि चंद्र दोघेही तेव्हा एका रेषेत ओढतात, म्हणून पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. ओढ जोराची असते, गाळ ढवळतो, पाणी गढूळ होते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा ओढ कमी आणि पाणी त्या मानाने निवळ. डोल जाळ्याला उधाणाची ओढ हवी. भाल्याला निवळ पाणी हवे, कारण मासा दिसलाच नाही तर भाला मारणार कोठे?

भाला कोठे मारावा

भाला म्हणजे काय? एक सरळ, हलका, वाळलेला बांबू आणि त्याच्या टोकाला लोखंडाचे अणकुचीदार दात. एकच दात असला तर मासा निसटतो. तीन दात असले तर नेम थोडा चुकला तरी चालते. दाताला मागे वळलेले लहान टोक असते. त्यामुळे रुतलेला मासा सुटत नाही.

नवशिक्याचा भाला बहुधा माशाच्या वरून जातो. त्याला वाटते, मासा चपळ, पळाला. मासा तेथे नव्हताच! असे का होते?

शाळेत आम्ही मुलांना एक गंमत दाखवीत असू. तुम्हीही घरी करून बघा. एक वाडगा घ्या. तळाला एक रुपया ठेवा. आता वाडगा इतका दूर सरकवा की काठाआड रुपया दिसेनासा होईल. डोके हलवू नका. दुसऱ्या कोणाला तरी वाडग्यात हळूहळू पाणी ओतायला सांगा. पाणी चढले की रुपया आपोआप दिसू लागतो. रुपया जागचा हललेला नाही. पाण्यातून बाहेर येताना उजेडाची वाट वाकते, म्हणून तो वर उचलल्यासारखा दिसतो. काठी पाण्यात तिरपी धरली की मोडल्यासारखी दिसते, तीही याचमुळे.

माशाचेही तेच होते. तो असतो त्याहून वर दिसतो. सरळ वरून पाहिले तर ४ फूट खोल असलेला मासा ३ फुटांवर आहे असे वाटते. तिरपे पाहिले तर फरक आणखी वाढतो. म्हणून नियम लक्षात ठेवा: मासा दिसतो त्याच्या खाली नेम धरा. जितके दुरून आणि तिरपे बघाल तितका नेम अधिक खाली. बगळ्याला हे कोणी शिकवले नाही, तरी त्याची चोच चुकत नाही. आपल्याला मात्र सरावाने साधावे लागते. बुडलेल्या नारळाच्या करवंटीवर आठ दिवस सराव केला तर हात बसतो.

भाल्याचे टोक आधीच पाण्यात बुडवून ठेवले तर दोन फायदे होतात. टोक आणि मासा दोन्ही पाण्यातच दिसतात, त्यामुळे नेम सोपा जातो. आणि भाला पाण्यावर आपटल्याचा आवाज होत नाही.

माशाच्या अंगावर दोन्ही कुशींना एक बारीक रेघ असते. त्या रेघेने त्याला पाण्याचा हादरा कळतो. तुम्ही काठावर पाय आपटलात की त्याला खबर पोचते. म्हणून पाऊल हळू टाका. उभे राहाल तर खांबासारखे उभे राहा. आपली सावली माशावर पडू देऊ नका. ऊन बाजूला राहील अशी जागा धरा. समोर ऊन असेल तर पाणी चमकते, पाठीशी असेल तर सावली पुढे पडते. दुपारपेक्षा सकाळ बरी.

वलगणीचा मासा

मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडला, ओढे भरले, की नदीतला मासा उलटा वर चढू लागतो. यालाच आपण वलगण म्हणतो. खवली, मळे, शिंगटी, मरळ असे कितीतरी मासे ओढ्यांतून, बांधांवरून भातखाचरांत शिरतात. मग गावोगाव बत्त्या निघतात. कोणी भाला घेतो, कोणी कोयता, कोणी पाग. एका रात्रीत टोपल्या भरतात.

पण मासा वर का चढतो, याचा विचार आपण केला पाहिजे. तो अंडी घालायला येतो. खाचरातले पाणी उथळ, कोमट आणि चाऱ्याने भरलेले. तेथे पिल्ले लवकर वाढतात. पुढे पाणी उतरले की मोठे मासे आणि पिल्ले परत नदीला जातात. म्हणजे वलगणीच्या पहिल्या रात्री आपण जी मारतो ती गाभोळीने भरलेली मादी असते. एका मादीच्या पोटात हजारो अंडी. कोंबडी खुडूक बसली असता तिला कापणारा माणूस शहाणा म्हणावा काय? बियाण्याचे भात कोणी कुटून खातो काय?

जिताड्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. जिताडा लहानपणी नर असतो. काही वर्षांनी चांगला मोठा झाला की तोच मादी होतो. पावसाळ्यात तो खाडीच्या मुखाकडे जाऊन लाखोंनी अंडी घालतो. पिल्ले भरतीबरोबर खाडीत, खाजणात येतात. तीच पिल्ले आणून घराजवळच्या तळ्यात सोडायची आणि वाढवायची, ही आपल्या खारेपाटातली चांगली चाल आहे. आता विचार करा. सगळे मोठे जिताडे मारले तर माद्याच उरणार नाहीत. मग तळ्यात सोडायला पिल्ले कोठून आणणार?

आम्ही मासे खाऊ नका असे सांगत नाही. ज्याचे पोट त्यावर आहे त्याला तसे सांगणे अन्यायाचे होईल. पण गावाने मिळून एवढे ठरवता येते: पहिले काही दिवस चढणीचा मासा जाऊ द्यावा. ओढ्याचे तोंड पूर्ण अडवू नये. पाणी उतरताना परतीचा मोठा मासा धरावा, आणि पिल्ले सुटून जातील असे मोठ्या आसाचे जाळे वापरावे. समुद्रावरही पावसाळ्यात जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांची मासेमारी बंद ठेवतात, ती याचसाठी. भाल्याचा एक मोठा गुण आहे. भाला मारणारा मासा बघून मारतो. म्हणून लहान कोणता, मोठा कोणता, हे तो निवडू शकतो.

पाण्यात सुरुंगाचा तोटा उडवणे किंवा विष घालणे मात्र सर्वथा वाईट. त्याने मोठ्याबरोबर अंडी, पिल्ले, चारा सगळे मरते. १८९७ सालच्या कायद्याने या दोन्ही गोष्टी गुन्हा ठरवल्या आहेत. तारेवर आकडा टाकून पाण्यात वीज सोडणारे लोकही आहेत. ती वीज माशाला आणि माणसाला सारखीच मारते.

जिवाला जपा

मासा उद्या मिळेल, गेलेला माणूस मिळत नाही. १९८९ च्या जुलैत अंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्यावर केवढा घाला घातला, ते जुनी माणसे विसरलेली नाहीत. डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही ओढा फुगतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या, पाने वाहत येऊ लागली, की भाला उचला आणि काठ गाठा.

कुंडलिकेची गोष्ट निराळी. मुळशी धरणाचे पाणी १९२७ सालापासून भिऱ्याच्या वीजघरात येते आणि वीज तयार झाली की नदीत सुटते. म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहते. पण पाणी सुटले की पात्र झपाट्याने भरते. पाणी केव्हा सुटते याची चौकशी केल्याशिवाय मधल्या दगडावर जाऊन बसू नका.

खाडीच्या चिखलात पाय घासत घासत चाला. म्हणजे चिखलात बसलेला पाकट आधीच सरकतो. पाकटाच्या शेपटीचा काटा लागला तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवावा, त्याने वेदना कमी होतात, आणि लगेच दवाखाना गाठावा. रात्री एकट्याने जाऊ नये. आणि जो मासा मरून उलटा तरंगत आहे, किंवा जेथे कारखान्याचे सांडपाणी पडते तेथला आहे, तो घरी आणू नये.

मंडळी, पाणी हे गावाचे सामाईक कोठार आहे. त्यातून जरूर काढावे, पण उद्याचे बियाणे ठेवून काढावे.

विचार करा आणि सांगा

१. उन्हाळ्यात मासे कोंडात का उतरतात?
२. आज कोणती तिथी आहे? त्यावरून भरतीची वेळ काढा.
३. भाला दिसणाऱ्या माशाच्या खाली का मारावा?
४. वलगणीच्या माशाबद्दल आपल्या गावाने कोणता नियम करावा? चार जणांशी बोलून लिहून काढा.