काळा पैसा नोटेत किती आणि जमिनीत किती?

आमच्या गगनबावडा तालुक्यात नोव्हेंबर म्हणजे सुगी. पाऊस उघडलेला असतो, भाताची मळणी चालू असते, उसाला तोड आलेली असते आणि या सगळ्याला रोकड लागते. ८ नोव्हेंबर २०१६ ला, मंगळवारी रात्री आठ वाजता, पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्याचं पंतप्रधानांनी जाहीर केलं तेव्हा मी इथल्या एका विकास सोसायटीचा सचिव होतो. पीककर्ज वाटायचं आणि ते वसूल करायचं, एवढंच सचिवाचं काम. त्यातलं वाटणं सोपं. वसुलीला गेलं की माणूस शेताला गेलेला असतो, शेतात गेलं की पाहुण्यांकडं.

१० तारखेला बँका उघडल्या आणि उलटंच झालं. वर्षानुवर्षं न फिरकलेले थकबाकीदार सकाळी सोसायटीच्या पायरीवर. "सचिव, व्याजासकट लिहून घ्या, आजच्या आज भरतो." आमच्या नोटिसांनी जे साधलं नव्हतं ते एका भाषणानं साधलं. शहरांत महापालिकांनीही जुन्या नोटांत घरपट्टी-पाणीपट्टी घेतली आणि त्यांचीही थकबाकी भराभर वसूल झाली. नोटबंदीचा एक चांगला परिणाम विचारला तर मी आधी हाच सांगतो.

हा आनंद चार दिवस टिकला. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेनं जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला आणि बदलून द्यायला मनाई केली. धनगरवाड्यावरच्या माणसाचं खातं असतं जिल्हा बँकेत आणि त्याचं कर्ज असतं सोसायटीत. दुसरी बँक त्यानं बाहेरून पाहिलेली. जिल्हा बँका पुढाऱ्यांच्या ताब्यात असतात, तिथं पुढाऱ्यांचा पैसा धुऊन निघेल, असा या मनाईमागचा संशय. तो अगदीच हवेतला होता असं मी म्हणणार नाही, इतकी वर्षं सहकारात काढली आहेत. पण पुढाऱ्याला दहा वाटा असतात. एकच वाट असते ती भांगलणीला जाणाऱ्या आक्काची, आणि बंद झाली ती तीच.

राज्यातल्या ३१ जिल्हा बँकांनी त्या चार दिवसांत घेतलेल्या नोटा, अडीच हजार कोटींहून जास्त रुपयांच्या, तिजोऱ्यांत पडून राहिल्या. त्या जमा करून घ्यायला परवानगी मिळाली जून २०१७ मध्ये. तरीही ८ नोव्हेंबरला ज्या नोटा आधीपासूनच बँकेत शिल्लक होत्या, त्यांतल्या काही कुणी घेतल्याच नाहीत. महाराष्ट्रातल्या आठ जिल्हा बँकांच्या अशा ११२ कोटींच्या नोटा होत्या आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा आमच्या कोल्हापूरचा, २५ कोटी २८ लाख. ही रक्कम तोट्यात दाखवा, असं २०१८ मध्ये बँकांना सांगण्यात आलं. ज्या दिवशी या नोटा कायदेशीर चलन होत्या, त्याच दिवशी त्या बँकेत होत्या. यात काळं काय होतं, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आता देशाचा हिशेब. बंद केलेल्या नोटा होत्या १५ लाख ४१ हजार कोटींच्या, म्हणजे चलनातल्या एकूण पैशाच्या ८६ टक्के. त्यांतल्या लाख-दोन लाख कोटींच्या तरी परत येणार नाहीत, काळ्या पैशावाला भीतीनं त्या जाळेल किंवा नदीत सोडेल, अशी अटकळ होती. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०१८ मध्ये मोजणी जाहीर केली: १५ लाख ३१ हजार कोटी परत आले, ९९.३ टक्के. मग काळा पैसा गेला कुठं? तो रांगेत उभा राहून पांढरा झाला. स्वतःच्या पायांनी नव्हे, दुसऱ्याच्या. त्या दिवसांत आमच्याकडंही शहरातून माणसं आली. अडीच लाखांपर्यंत चौकशी होणार नाही असं बोललं जात होतं, म्हणून रिकामी जनधन खाती शोधत होती. शंभराला वीस-तीस तुमचे, बाकीचे आमचे, असा भाव. कुणी कामगारांना सहा महिन्यांचा पगार आगाऊ देऊन टाकला. ज्यानं कधी वेळेवर दिला नव्हता त्यानं!

बाजू सांगायची तर दुसरीही सांगायला हवी. एवढा पैसा खात्यांत आल्यानं आयकर खात्याच्या हाती नावं लागली. जानेवारी २०१७ अखेर सुमारे १८ लाख लोकांना त्यांच्या भरण्याबद्दल विचारणा झाली, विवरणपत्रं भरणारे वाढले, लाखांवर कागदी कंपन्यांची नोंदणी रद्द झाली. हे खरंच झालं. पण खात्यांवर नजर ठेवायला सुगीच्या दिवसांत सगळ्यांच्या खिशातली रोकड काढून घ्यावी लागत नाही.

काळा पैसा यात सापडणार नाही, हे आधी कुणाला कळलं नव्हतं असंही नाही. त्याच ८ नोव्हेंबरला संध्याकाळी रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाची बैठक झाली. तिचं इतिवृत्त पुढं माहिती अधिकारातून बाहेर आलं. निर्णयाची शिफारस करतानाच मंडळानं त्यात नोंदवलं होतं की बहुतेक काळा पैसा रोख नसून सोनं आणि स्थावर मालमत्तेत आहे, त्यावर याचा फारसा परिणाम होणार नाही. आणि हा प्रयोग पहिलाही नव्हता. जानेवारी १९४६ मध्ये पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते आपले चिंतामणराव देशमुख. त्या वेळी सुमारे १४४ कोटींपैकी १३५ कोटी परत आले. जानेवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारनं हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा बंद केल्या. त्या वेळचे गव्हर्नर आय. जी. पटेल यांना हे पटलं नव्हतं. तेव्हा मात्र गावाकडं कुणाला झळ लागली नाही. पाच हजारांची नोट आमच्या वडिलांच्या पिढीनं बघितलीच नव्हती.

इथंच खरी मेख आहे. मोठी नोट म्हणजे किती मोठी? युरोपातल्या मध्यवर्ती बँकांनी पाचशे युरोची नोट नव्यानं देणं २०१९ मध्ये थांबवलं. त्या एका नोटेत आपले चाळीस हजारांवर रुपये मावतात. शिवाय त्यांनी ती रद्द केली नाही, नुसती नवी देणं थांबवलं. आपली पाचशेची नोट म्हणजे गड्याची एक-दीड दिवसाची मजुरी. दोन्हींना 'मोठी नोट' म्हणून एकच औषध चालेल कसं? मोठ्या नोटा काढून टाकण्याचा विचार मराठी मुलखात पसरवला तो अनिल बोकील आणि अर्थक्रांतीच्या मंडळींनी. पन्नासच्या वरच्या नोटा काढा, पण त्याआधी आयात शुल्क सोडून सगळे कर काढून बँकव्यवहारावर एकच कर लावा, असा त्यांचा पूर्ण प्रस्ताव. तो चालला असता का, याबद्दल मला शंका आहे. पण त्यातलं अर्धंच उचलून वर दोन हजारांची नवी नोट काढली, हे कुणाच्याच शास्त्रात बसत नाही.

दोन हजारांच्या नोटेनं लाच देणाऱ्याची मात्र सोय केली. हजाराच्या नोटांत एका खोक्याला, म्हणजे कोटीला, दहा हजार नोटा लागायच्या. दोन हजारांच्या पाच हजारच. नोट ग्रॅमभराची धरली तर पाच किलोत काम. (२०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर पन्नास खोक्यांसाठी आमदार फुटल्याच्या घोषणा झाल्या तेव्हा मी वजन काढून बघितलं होतं. पाचशेच्या नोटांत ते टनभर होतं. आरोप खरा-खोटा काय असेल तो असो.) नवी नोट येऊन आठवडाही झाला नव्हता आणि गुजरातेत कांडला बंदराचे अधिकारी त्याच नोटांत लाच घेताना पकडले गेले. पुढं १९ मे २०२३ ला ती नोटही मागं घेतली, ३ लाख ५६ हजार कोटींची, आणि तिच्यातलीही ९८ टक्क्यांहून जास्त परत आली. रांगा लागल्या नाहीत, कारण ती गरिबाकडं नव्हतीच.

भ्रष्टाचार नोटेमुळं होत नाही, सहीमुळं होतो. सही अडवून धरता येते म्हणून चहापाणी द्यावं लागतं. पूर्वी सात-बारासाठी तलाठ्याच्या चावडीवर हेलपाटे घालायला लागायचे. आता डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मोबाईलवर निघतो आणि त्या एका कागदापुरती चिरीमिरी संपली. फेरफाराची नोंद अजून माणसाच्या हातात आहे, तिथं ती चालू आहे. नोट कुठली चालते याचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि काळा पैसा तयार होतो खरेदीपत्रात. आमच्याकडं घाटमाथ्यावरचा देखावा बघून मुंबई-पुण्याचे लोक जमिनी घेतात. ठरलेला दर एक, कागदावरचा दुसरा. कागदावर रेडी रेकनरच्या सरकारी दरापुरती रक्कम, बाकीची पिशवीतून. यात घेणाऱ्याचा मुद्रांक वाचतो आणि त्याचा दोन नंबरचा पैसा जमिनीत मुरतो. जून २०१५ पासून जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घ्यायला कायद्यानं बंदी आहे. पिशवी तरीही येते. २०१६ च्या डिसेंबरात ती थांबली होती, पुढच्या दिवाळीपर्यंत परत सुरू झाली, नव्या नोटांत.

मार्च २०२४ अखेर देशात ३४ लाख ७८ हजार कोटींच्या नोटा होत्या, २०१६ च्या जवळजवळ दुप्पट. त्यांत एकट्या पाचशेच्या नोटेचा वाटा ८६.५ टक्के. आता पाचशेची नोटही बंद करा, असं काही जण म्हणतात. म्हणजे ते पुन्हा त्याच ८६ टक्क्यांना हात घालायला सांगताहेत. मला विचाराल तर त्यापेक्षा रेडी रेकनरचा दर गावोगाव खऱ्या दराजवळ आणावा आणि मुद्रांक शुल्क कमी करावं, म्हणजे दोन दर लिहिण्यात फायदाच उरणार नाही. शेतकऱ्याला वाटतं, कागदावर कमी लिहिलं तर आपलं काय जातं? रस्त्यासाठी किंवा धरणासाठी जमीन गेली की जातं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं मोबदला ठरतो तो मुद्रांकाचा दर किंवा आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीपत्रांवरून, यांत जो जास्त असेल तो. शेजाऱ्यानं पिशवीतून घेतलेली रक्कम त्या हिशेबात कुठंच नसते.