माती, मॅट आणि पगार

"कबड्डी खेळून पगार मिळतो काय गो?" बाबांनी विचारले, तेव्हा मी खरचटलेल्या गुडघ्याला हळद लावीत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्या प्रत्येक गोष्टीला हा प्रश्न चिकटलेला असतो. त्या दिवशी उत्तर सुचले नाही. या लेखाच्या निमित्ताने ते शोधावे म्हटले.

पगार मिळतो, पण कोणाला? २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा लिलावात राकेश कुमारवर १२ लाख ८० हजारांची सर्वांत मोठी बोली लागली. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक रुपये मोजले गेले. नऊ वर्षांत वीसपट! मुलींसाठी मात्र २०१६ साली तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली आणि तिथेच थांबली. आमचा पगार अजून जुन्याच वाटेने येतो : रेल्वे, पोलीस यांची खेळाडू-भरती आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण. त्यासाठी वरच्या पातळीवरची कामगिरी हवी. 'खेलो इंडिया'त निवड झालेल्यांना खर्चासाठी महिना १० हजार रुपये मिळतात, तेही निवड झाल्यावर. निवड होईपर्यंतची अंडी, दूध, बूट आणि एस.टी.चे भाडे घरानेच सोसायचे. आमच्या संघातली सर्वांत चपळ चढाईपटू गेल्या वर्षी काजूच्या कारखान्यात कामाला लागली. तिथे आठवड्याला पैसे हातात पडतात.

दुसरी गोष्ट मॅटची. आम्ही मातीवर, अनवाणी शिकलो. मोठे सामने आता मॅटवर, बूट घालून होतात. वाचकांना वाटेल, जमीन बदलली म्हणून काय झाले? पण मातीवर वळताना पाय थोडा घसरतो, आणि त्या घसरण्याच्या हिशेबानेच आपण अंग झोकतो. मॅटवर बूट जागच्या जागी पकडतो. पाऊल थांबते, अंग पुढे जाते, आणि मधल्या गुडघ्याला पीळ बसतो. उलट मॅटवर सूर मारून घोटा धरायला भीती वाटत नाही. जांभ्याच्या कठीण जमिनीवर तोच सूर म्हणजे कोपराची साल गेलीच! त्यात रत्नागिरीचा पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल, आणि पावसाळा सरतो न सरतो तोच आंतरमहाविद्यालयीन सामने. छपराखाली मॅट असलेल्या शहरी संघापुढे आम्ही पहिली दहा मिनिटे नुसते पाय सावरत असतो. (हरल्याची ही सबब नव्हे. दोनदा आम्ही वाईटही खेळलो.)

हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असेही नाही. अमेरिकेत, जिथे कॉलेजचा खेळ हा मोठा व्यवहार आहे, तिथे वरच्या गटातील कॉलेजला बेसबॉलसाठी एकूण ११.७ शिष्यवृत्त्याच देता येत. त्यांचे तुकडे करून त्या अख्ख्या संघात वाटायच्या! जून २०२५ मध्ये न्यायालयाने एक तडजोड मान्य केली. ती स्वीकारणाऱ्या कॉलेजला आता बेसबॉलचे ३४ खेळाडू ठेवता येतात आणि साऱ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. शिवाय २०२५-२६ या वर्षात सगळे खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटण्याची मुभा मिळाली. पण मुभा मिळाली म्हणून तिजोरी भरत नाही. बहुतेक पैसा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. बेसबॉलच्या चौतिसांना पुरे पडेल एवढे द्यायला सधन कॉलेजच हवे. चांगला खेळाडू तिकडे जाणार हे उघड आहे.

मला विचाराल तर आमच्यासारख्या संघाला आधी मॅट हवी, आणि सरावानंतर पोटाला काहीतरी. लिलाव फार पुढची गोष्ट.

हे सगळे मी बाबांना सांगितले. जाळ्याची गाठ मारता मारता त्यांनी विचारले, "मॅट केवढ्याला येते?" ते मला ठाऊक नव्हते. सोमवारी जिमखान्यात विचारणार आहे.

— द्वितीय वर्ष, कला