नाव कल्याणचं, बिघाड एका आम्लाचा

१९८० च्या दशकात एका कोळी कुटुंबाच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराचं नवं रूप सापडलं. त्याला नाव मिळालं ‘जी-सिक्स-पीडी कल्याण’. पेशीतलं थोडं ग्लुकोज या विकराच्या वाटेनं जातं आणि त्यातूनच तांबड्या पेशींना संरक्षण मिळतं. हे विकर कमजोर असलेल्या माणसाला हिवतापावरचं प्रायमाक्विन दिलं, तर पेशी फुटतात, लघवी काळसर होते, कावीळ होते.

१९९२ मध्ये कळलं, की ‘कल्याण’ आणि ‘केरळ’ या दोन रूपांमागे एकच बिघाड आहे. ५१५ अमिनो आम्लांच्या साखळीत ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. एवढ्यानं औषधाचं विष व्हावं, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

प्रयोगशाळेत हे विकर शोधायला प्रतिपिंड वापरतात. मानवी जी-सिक्स-पीडी सशाला टोचलं, की त्याचं शरीर ते परकं समजून त्याला पकडणारी प्रतिपिंडं बनवतं. पेशीतली प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करायची, पातळ पटलावर उतरवायची, वर हे प्रतिपिंड सोडायचं. सुमारे ५९ किलोडाल्टनपाशी पट्टा उमटतो. विकर जास्त, तितका तो गडद.

पण प्रतिपिंड विकराची रचना ओळखतं, काम नव्हे. निकामी विकरही पट्टा उमटवू शकतं. म्हणून प्रायमाक्विन देण्याआधी कामाचीच चाचणी हवी. विकर धड असेल तर एनएडीपीएच नावाचा रेणू तयार होतो आणि त्यामुळे रक्ताचा ठिपका अतिनील प्रकाशात चमकतो. विकर बिघडलेलं असेल तर ठिपका काळाच राहतो.