कोर्लई : एक ग्रामपंचायत आणि तिच्यातील भाषासीमा

रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यात, कुंडलिका नदी समुद्रास मिळते तेथे, खाडीच्या दक्षिण अंगास कोर्लई हे गाव वसले आहे. समोरच्या तीरावर रेवदंडा आणि त्याच्या पलीकडे प्राचीन बंदर चौल. गावाला स्वतःची ग्रामपंचायत आहे. तिचा सारा कारभार मराठीत चालतो. शाळा मराठी, दप्तर मराठी. कागदोपत्री पाहिल्यास कोकणपट्टीतील इतर शेकडो गावांहून हे गाव कोणत्याही प्रकारे निराळे ठरत नाही. तथापि किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या कॅथलिक कुटुंबांची घरातील भाषा मराठी नव्हे आणि कोंकणीही नव्हे. ती पोर्तुगीजमधून निपजलेली एक क्रिओल, म्हणजे भिन्नभाषक समाजांच्या संपर्कातून जन्मलेली आणि पुढे मातृभाषा म्हणून रुजलेली भाषा होय. बोलणारे तिला 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा', असे म्हणतात. त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे.

चौल येथे पोर्तुगीजांनी १५२१ च्या सुमारास ठाणे वसविले. कोर्लईचा डोंगरी किल्ला १५९४ मध्ये निजामशाहीकडून त्यांच्या हाती आला. १७३९ मध्ये वसई पडली आणि १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे गेले. सत्तेबरोबर अधिकारी व सुस्थितीतील कुटुंबे निघून गेली. मागे राहिले ते प्रामुख्याने खालच्या मानल्या गेलेल्या जातींतून ख्रिस्ती झालेले, सेवाचाकरी करणारे लोक. प्रवासवर्णनांतून या गावकऱ्यांना सरसकट 'पोर्तुगिजांचे वंशज' संबोधण्याची प्रथा पडली आहे, ती अभ्यासकाने सोडून द्यावी हे बरे. भाषा एका समाजाकडून दुसऱ्याकडे जाण्यास रक्तसंबंधाची आवश्यकता नसते. धन्याचा हुकूम आणि देवळातील प्रार्थना एवढ्यानेही ती जाते.

पोर्तुगीज व मराठी यांच्या संपर्काचे दोन परस्परविरुद्ध परिणाम येथे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. मराठीने पोर्तुगीजमधून पाव, चावी, पगार, बादली, तुरुंग, मेस्त्री असे अनेक शब्द घेतले, पण आपले व्याकरण यत्किंचितही बदलले नाही. कोर्लईच्या भाषेत नेमके उलट घडले. शब्दसंग्रह बहुतांशी पोर्तुगीज राहिला आणि वाक्याची घडण मराठीच्या वळणावर गेली. पोर्तुगीज वाक्याचा स्वाभाविक क्रम कर्ता, क्रियापद, कर्म असा आहे; कोर्लईत क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते. पोर्तुगीजमध्ये वस्तूचे नाव आधी आणि मालकाचे नंतर, तर कोर्लईत मालकाचे नाव प्रथम, मागून 'सु', त्यानंतर वस्तू. 'सु'चे मूळ पोर्तुगीज सर्वनामात असले तरी त्याची जागा मराठी षष्ठीच्या प्रत्ययाची आहे. 'मला भूक लागली' यातील अनुभव घेणारा जसा चतुर्थीत येतो, तशी रचनाही या भाषेत आढळते. 'रामाला पाहिले' पण 'झाड पाहिले', हा मराठीतील सजीव-निर्जीव कर्माचा भेददेखील तिने उचलला आहे.

सर्वांत उद्बोधक भाग क्रियापदांचा. पोर्तुगीज क्रियापदांचे 'कांतार' (गाणे), 'बेबेर' (पिणे) यांसारखे आर, एर व इर अशा अंती असणारे तीन गण आहेत. कोर्लईत अंत्य 'र' गेला, पण आ, ए, इ या स्वरांनी ओळखले जाणारे तिन्ही गण टिकून राहिले. जगातील बहुतेक क्रिओल भाषांनी असले गणभेद टाकून दिले आहेत, म्हणून एवढेही विशेषच. परंतु कोर्लईने त्यांत चौथ्या, उकारान्त गणाची भर घातली, आणि तो मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी. मराठी 'लोटणे' तेथे 'लोटू' होते आणि स्वतःच्या गणाप्रमाणे चालते. 'लोटू नको', 'लोटू लागला' या मराठी रूपांशी त्याचे साम्य उघड आहे. उसन्या शब्दांसाठी निराळे दालन उघडणारी भाषा दुर्बल म्हणता येणार नाही.

मग प्रश्न असा की, वसई व मुंबईच्या परिसरात याच कुळातील बोली लयास गेली असता ती येथेच का टिकली? गोव्याचे विद्वान सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये उत्तरेकडील या इंडो-पोर्तुगीज बोलीचे वर्णन प्रसिद्ध केले; त्यानंतर काही दशकांतच मुंबईकडील तिचे अस्तित्व संपुष्टात आले. दमण व दीव येथे तिच्या भगिनी उरल्या, पण तेथे १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्ताच होती. कोर्लईला तो आधार १७४० नंतर नव्हता. अमेरिकन भाषावैज्ञानिक जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात दिलेले उत्तर असे की, हा समाज दुहेरी कोंडीत होता: धर्मामुळे हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांपासून तुटलेला आणि जातीमुळे उच्चवर्णीय ख्रिस्ती समाजापासूनही दूर ठेवलेला. विवाहसंबंध आपसातच होत. त्यामुळे घराघरांतील भाषा एकच राहिली. गोव्याकडील धर्मगुरूंमुळे चर्चमध्ये पोर्तुगीज कानी पडत राहिली, हे दुय्यम कारण होय.

हे उत्तर मान्य केले तर एक अवघड गोष्टही मान्य करावी लागते. भाषेचे रक्षण येथे कोणाच्या अभिमानाने अथवा धोरणाने झालेले नाही; ते बहिष्काराने झाले. आज माउंट कार्मेल मातेच्या चर्चमधील उपासना मराठीत होते, मुले मराठी शाळेत जातात, तरुण रोजगारासाठी बाहेर पडतात, आणि १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभेत सर्वांना सारखीच जागा दिली आहे. यांतील एकही गोष्ट अनिष्ट नाही. भिंत पडावी अशीच इच्छा कोणीही समंजस मनुष्य धरील. पण भिंतीच्या आडोशाने वाढलेले रोप तिच्याबरोबर उघडे पडते. भाषेच्या प्रेमापोटी जुना एकांतवास हळहळून आठवणाऱ्या संशोधकाने, तो एकांतवास ज्यांनी भोगला त्यांचा विचार प्रथम करावा.

येथे स्थानिक स्वराज्य संस्थेचा संबंध येतो, आणि तो वरवरचा नाही. १९७१ पासून जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत देशभर दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या मातृभाषा स्वतंत्रपणे दाखविल्या जात नाहीत. राज्य, जिल्हा, तालुका या प्रत्येक पातळीवर हजार माणसे हा नगण्य अंश; केवळ ग्रामपंचायत या एककातच त्यांचा वाटा डोळ्यांत भरण्याजोगा ठरतो. दुसरीकडे, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने व प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने करावा असे सांगतो. हे शब्द लिहिताना ज्यांना क्रमिक पुस्तके आहेत अशा भाषाच डोळ्यांसमोर असाव्यात. कोर्लईच्या भाषेला लेखनपरंपरा नाही. त्यामुळे ती शिक्षणाचे माध्यम व्हावी असा आग्रह धरणे हवेतले होईल. परंतु पहिलीच्या शिक्षकास मूल कोणत्या भाषेतून विचार करीत शाळेत आले आहे याची जाणीव असणे, आणि गावाच्या दप्तरात घरातील भाषेची नोंद असणे, यासाठी क्रमिक पुस्तक लागत नाही.

क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ शब्दांच्या याद्या करून परतू नये. पोर्तुगीज शब्द किती उरले ही मोजदाद सोपी, पण फसवी आहे. शब्द जाऊनही भाषा राहू शकते. अधिक विश्वसनीय खूण त्या चौथ्या गणात आहे. शाळेत वा बाजारात नव्याने ऐकलेल्या मराठी क्रियापदाला दहा-बारा वर्षांचे मूल घरी अजून 'उ' लावून चालविते काय, की वाक्यात मराठीची तयार रूपेच ठेवून देते, हे घरोघर आणि पिढीवार टिपले पाहिजे.